चिपची ताकद, चालीची समज

१२ डिसेंबर २०२४. सिंगापूरमध्ये जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव बरोबरीकडे चालला होता. चीनच्या डिंग लिरेनने ५५व्या खेळीत हत्ती हलवला आणि जगभरातल्या लाखो पडद्यांच्या कडेला असलेली काळी-पांढरी पट्टी एकदम काळ्याच्या बाजूने कलली. ही घोडचूक आहे हे समोर बसलेल्या दोम्मराजू गुकेशच्या ध्यानात यायला काही क्षण लागले. घोडा अडीच घरे चालतो एवढेच ठाऊक असलेल्या, घरी मोबाइल हातात धरून बसलेल्या प्रेक्षकाला मात्र ती आधीच कळली होती.

त्या पट्टीमागे असते ते बुद्धिबळ खेळणारे संगणकीय इंजिन. १९९७ मध्ये जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवण्यासाठी आयबीएम कंपनीला दोन कपाटांएवढे, सुमारे १.४ टन वजनाचे खास यंत्र बांधावे लागले होते. आज त्याहून सरस खेळणारे इंजिन खिशातल्या फोनवर फुकट चालते. हे कसे झाले, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील की चिप वेगवान झाल्या, दुसरे काय! हे उत्तर चूक नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर सध्या बुद्धिबळापेक्षा कितीतरी मोठ्या खर्चाच्या निर्णयांना लागू पडते.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया एआय मिशन’साठी १० हजार ३०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम मंजूर केली. त्यातला मोठा वाटा जीपीयू या जातीच्या चिप उपलब्ध करून देण्यासाठी आहे. सुरुवातीचे उद्दिष्ट १० हजार चिपचे होते. २०२५ मध्ये हा आकडा ३८ हजारांवर गेला. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ पासून अशाच प्रगत चिप चीनला विकण्यावर निर्बंध घातले आहेत. रुग्णालयांच्या दारातही कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे येऊन ठेपली आहेत आणि प्रत्येक विक्रेता आपल्या यंत्रातल्या प्रोसेसरचे गुण गातो. या साऱ्यामागे एकच गृहीत धरलेले असते, की जास्त ताकदीची चिप म्हणजे जास्त हुशार यंत्र.

हे गृहीत तपासायला बुद्धिबळासारखी दुसरी जागा नाही. नवे औषध किती गुणकारी आहे हे ठरवायला मात्रा आणि परिणाम दोन्ही मोजता यावे लागतात. बुद्धिबळात ते मोजता येतात. यंत्र सेकंदाला किती स्थिती तपासते ही मात्रा, आणि एलो गुण हा परिणाम. दोन खेळाडूंत २०० गुणांचे अंतर असेल तर वरचढ खेळाडू चारपैकी सुमारे तीन गुण मिळवतो, असा त्या मापाचा साधा अर्थ. चार-पाच दशकांचा असा हिशेब संगणकाच्या दुसऱ्या कोणत्याही उपयोगाबाबत क्वचितच सापडेल.

सहापट वेग, एक पायरी

बुद्धिबळाच्या मधल्या टप्प्यात एका वेळी साधारण ३० ते ३५ खेळ्या शक्य असतात. प्रत्येकीला प्रतिस्पर्ध्याची तेवढीच उत्तरे. म्हणजे दोन पायऱ्या पुढे पाहायचे तर हजाराच्या आसपास स्थिती, चार पायऱ्यांसाठी दहा लाख. अमेरिकी गणिती क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्येच दाखवून दिले होते की संपूर्ण खेळ असा मोजून काढणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. म्हणून यंत्र काही पायऱ्या पुढे पाहते, तिथे थांबते आणि त्या स्थितीला गुण देते. सोंगट्या किती उरल्या, राजा सुरक्षित आहे का, प्यादी मोकळी आहेत का, यावर ते गुण ठरतात. इंजिनाची ताकद या दोनच गोष्टींची बनलेली असते: किती खोल पाहिले, आणि जे दिसले त्याचे मोल किती अचूक केले.

एखाद्या खेळीला तोडीस तोड उत्तर सापडले की तिच्या बाकीच्या शाखा तपासायची गरज उरत नाही. ही काटछाट वापरली की प्रत्येक जादा पायरीसाठी काम पस्तीसपट नव्हे, तर सुमारे सहापट वाढते. हार्डवेअरचा सगळा हिशेब या आकड्यात आहे. यंत्राचा वेग सहापट केला, तर एक पायरी जास्त दिसते.

या एका पायरीची किंमत किती? अमेरिकेतील बेल लॅब्जमधील केन थॉम्पसन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे मोजले. आपल्याच यंत्राच्या कमी-जास्त खोलीच्या आवृत्त्या त्यांनी एकमेकींविरुद्ध खेळवल्या. बाकी सारे समान, फक्त मात्रा वेगळी. एका पायरीमागे सुमारे २०० गुणांची वाढ दिसली; खोली वाढत गेली तसा हा फायदा घटत गेला. औषधाची मात्रा दुप्पट केली म्हणून गुण दुप्पट येत नाही, हे डॉक्टरांना नवे नाही. पण त्या काळात यंत्रे इतकी उथळ पाहत होती की प्रत्येक पायरी मोलाची होती, आणि म्हणून खास यंत्र बांधण्यात अर्थ होता.

बुद्धिबळापुरतीच बनलेली यंत्रे

थॉम्पसन आणि जो कॉन्डन यांनी बांधलेल्या अशा यंत्राचे नावही ‘बेल’च होते. साधा प्रोसेसर एकामागून एक सूचना पाळतो: या घरात काय आहे, तो उंट कुठे जाईल, वाटेत कोण आहे. ‘बेल’मध्ये खेळ्या शोधण्याचे काम सूचनांवर सोडलेलेच नव्हते. पटाच्या ६४ घरांसाठी स्वतंत्र विद्युतजोडण्या होत्या आणि त्या एकाच वेळी काम करत. त्यामुळे ते यंत्र सेकंदाला सुमारे १ लाख ६० हजार स्थिती तपासू शके. १९८० मध्ये ते संगणकांचे जगज्जेते झाले आणि १९८३ मध्ये अमेरिकी बुद्धिबळ महासंघाचा ‘मास्टर’ किताब मिळवणारे पहिले यंत्र ठरले.

१९८२ मध्ये थॉम्पसन हे यंत्र घेऊन मॉस्कोला निघाले असता न्यूयॉर्कच्या विमानतळावर ते जप्त झाले. प्रगत तंत्रज्ञान सोव्हिएत संघाच्या हाती देण्याचा हा बेकायदा प्रकार आहे, असे अधिकाऱ्यांना वाटले. यंत्र सुटायला महिन्याहून अधिक काळ लागला. आजच्या चिपबंदीच्या बातम्या वाचताना हा प्रसंग आठवावा असा आहे. बुद्धिबळाखेरीज काहीही न येणारे खोकेही तेव्हा राष्ट्रीय सुरक्षेचा विषय झाले होते.

पुढचे पाऊल कार्नेगी मेलन विद्यापीठात पडले. फेंग-शुंग शू या तरुण विद्यार्थ्याने खेळ्या शोधण्याची सारी यंत्रणा एका चिपवर बसवली. त्यातून घडलेल्या ‘डीप थॉट’ने १९८८ मध्ये बेंट लार्सन या नामवंत ग्रँडमास्टरला स्पर्धेच्या डावात हरवले. आयबीएमने शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोकरी दिली आणि ‘डीप ब्लू’ उभे राहिले. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात कास्पारोव्हने ते चार विरुद्ध दोन असे हरवले. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या फेरसामन्यात मात्र यंत्र साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी जिंकले. त्यात ४८० खास चिप होत्या आणि सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासण्याची क्षमता होती.

‘बेल’ ते ‘डीप ब्लू’ हा वेगातला फरक सुमारे साडेबाराशेपट. सहा हा आकडा चार वेळा घेऊन एकमेकांशी गुणला की जवळपास हाच आकडा येतो. म्हणजे दीड दशकाची मेहनत आणि जगातल्या एका बलाढ्य कंपनीचा पैसा यांनी मिळवून दिल्या चार पायऱ्या! ‘बेल’ आठ-नऊ पायऱ्या पाहत असे, ‘डीप ब्लू’ सरासरी बारा. हिशेब जुळतो.

पण १९९६चा पराभव १९९७ मध्ये विजयात बदलला तो केवळ वेग दुप्पट झाल्यामुळे नव्हे. मधल्या वर्षात चिपची रचना नव्याने केली गेली आणि स्थितीचे मोल ठरवण्यासाठी तिच्यात सुमारे ८ हजार वैशिष्ट्ये बसवली गेली. ती जुळवण्यासाठी जोएल बेंजामिन हा ग्रँडमास्टर चमूबरोबर काम करत होता. मात्रा वाढली, तसे औषधही बदलले होते. विजयाच्या जाहिरातीत मात्र ‘२० कोटी’ हाच आकडा झळकला आणि लोकांच्या मनात तोच राहिला.

साध्या यंत्रांनी गाठले

‘डीप ब्लू’ पुन्हा खेळले नाही. खास चिपची एक अडचण असते. ज्ञान तांब्या-सिलिकॉनमध्ये कोरून ठेवले की ते बदलायला नवी चिप बनवावी लागते, आणि त्यात वर्षे जातात. तेवढ्यात बाजारातला साधा प्रोसेसर वेगवान होतो आणि त्याच्यावरचा प्रोग्राम रोज सुधारता येतो. अबू धाबीच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या ‘हायड्रा’ने जोडणी बदलता येईल अशा चिप वापरून या अडचणीवर उपाय शोधला आणि २००५ मध्ये लंडनला मायकेल अ‍ॅडम्स या ग्रँडमास्टरचा साडेपाच विरुद्ध अर्धा गुण असा धुव्वा उडवला. तरी काही वर्षांतच तो प्रकल्पही थांबला.

२००६च्या अखेरीस जर्मनीतील बॉन शहरात तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रॅमनिक ‘डीप फ्रिट्झ’कडून चार विरुद्ध दोन असा हरला. हे इंजिन दुकानात मिळणाऱ्या प्रोसेसरवर चालत होते आणि सेकंदाला सुमारे ८० लाख स्थिती तपासत होते, म्हणजे ‘डीप ब्लू’च्या पंचविसाव्या हिश्श्याएवढ्या. २००९ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका स्पर्धेत मोबाइल फोनवर चालणाऱ्या ‘पॉकेट फ्रिट्झ’ने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले. प्रतिस्पर्धी जगज्जेते नव्हते, तरी ही कामगिरी २८९८ एलो गुणांच्या तोडीची भरली. त्या फोनचा वेग होता सेकंदाला २० हजार स्थितींहूनही कमी. ‘डीप ब्लू’शी तुलना केली तर दहा हजारावा हिस्सा.

वेग इतका घटूनही ताकद टिकली ती काटछाटीत झालेल्या सुधारणांमुळे. कोणत्या खेळ्या पाहण्याच्या लायकीच्याच नाहीत, हे प्रोग्राम फार लवकर ओळखू लागले. एका पायरीला लागणारे सहापट काम आजच्या उत्तम इंजिनांत दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले आहे. याचा परिणाम दुहेरी असतो. साध्या यंत्रालाही खोल दिसू लागते. आणि जिथे पूर्वी सहापट वेगाने एक पायरी मिळत होती, तिथे आता अडीच मिळतात. चांगले सॉफ्टवेअर हार्डवेअरला पर्याय ठरते हे खरे, पण त्याहून जास्त ते हार्डवेअरचे मोल वाढवते.

माणसाच्या बाबतीतही चित्र निराळे नाही. डच मानसशास्त्रज्ञ आड्रियान द ग्रूट यांनी गेल्या शतकाच्या मध्याला उत्तम आणि सामान्य खेळाडूंना विचार करताना मोठ्याने बोलायला लावले. उत्तम खेळाडू फार जास्त किंवा फार खोल खेळ्या पाहत नव्हते. नेमक्या खेळ्या पाहत होते. मुरलेला डॉक्टर रुग्ण दारातून आत येतानाच अर्धी शक्यता बाजूला सारतो, तसाच हा प्रकार. मेंदू हे सारे सुमारे २० वॅट ऊर्जेत करतो.

तुलनेच्या गटाला मात्रा किती होती?

डिसेंबर २०१७ मध्ये गोष्ट पुन्हा उलटली. गूगलच्या ‘डीपमाइंड’ कंपनीने जाहीर केले की ‘अल्फाझीरो’ नावाच्या प्रोग्रामला फक्त खेळाचे नियम सांगितले, तो स्वतःशीच खेळत गेला आणि काही तासांत ‘स्टॉकफिश’ या तेव्हाच्या आघाडीच्या इंजिनाच्या पुढे गेला. शंभर डावांत २८ विजय, ७२ बरोबरी, पराभव एकही नाही. हा प्रोग्राम सेकंदाला हजारांत मोजाव्यात एवढ्याच स्थिती तपासत होता, तर स्टॉकफिश कोटींमध्ये. वेगाची सद्दी संपली, समज जिंकली, असे मथळे जगभर झळकले.

मथळ्यांतून एक गोष्ट सुटली. अल्फाझीरोची समज खास चिपवरच उभी होती. तिचे नाव टीपीयू. न्यूरल नेटवर्कचे काम म्हणजे मुख्यतः आकड्यांच्या मोठाल्या तक्त्यांचे गुणाकार. पहिल्या पिढीच्या टीपीयूमध्ये २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५ हजारांहून अधिक गुणक एका जाळीत बसवलेले आहेत आणि आकडे त्यांतून एकामागून एक वाहत जातात. स्वतःशी खेळण्यासाठी अल्फाझीरोने अशा ५ हजार चिप वापरल्या. प्रशिक्षणाच्या नऊ तासांत सुमारे ४ कोटी ४० लाख डाव झाले. ‘नऊ तास’ ऐकायला थोडे वाटतात. साध्या संगणकावर हेच काम करायला वर्षेही पुरली नसती. म्हणजे खास हार्डवेअर गेले नव्हते, फक्त त्याचे काम बदलले होते. ‘डीप ब्लू’च्या चिप पुढे पाहण्यासाठी होत्या, टीपीयू मोल करायला शिकण्यासाठी होते.

दुसरा आक्षेप वैद्यकीय चाचण्या वाचणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. नव्या औषधाची तुलना जुन्याशी करताना जुन्याची मात्रा अपुरी ठेवली, तर नवे जिंकणारच. पहिल्या सामन्यात स्टॉकफिशला कामचलाऊ स्मृती फक्त १ जीबी दिली होती आणि प्रत्येक खेळीला ठराविक एक मिनिट. कुठे वेळ वाचवायचा आणि कुठे खर्च करायचा, हे त्याचे कौशल्य वापरायला वावच नव्हता. टीका झाली आणि डिसेंबर २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या निबंधात चाचणी सुधारली गेली. स्टॉकफिशला ३२ जीबी स्मृती आणि स्पर्धेसारखी वेळ मिळाली. एक हजार डावांत अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ हरले, बाकी बरोबरीत सुटले. फरक राहिला, पण पहिल्या मथळ्याइतका एकतर्फी नव्हे.

त्या निबंधातला आणखी एक प्रयोग फारसा चर्चेत आला नाही. अल्फाझीरोचा वेळ मुद्दाम कमी करत नेला. दहावा हिस्सा वेळ दिला तरी तो वरचढ राहिला. तिसावा हिस्सा केल्यावर स्टॉकफिश पुढे गेला. समज श्रेष्ठ की वेग, याचे ‘अमुकच’ असे उत्तर नसते, किती समज आणि किती वेग यावर ते ठरते, हे या एका प्रयोगातून दिसते.

तरीही एक प्रश्न उरतोच. टीपीयूवर चालणारा प्रोग्राम आणि साध्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम यांना ‘समान हार्डवेअर’ म्हणजे नेमके काय द्यायचे? समान किमतीचे, समान विजेचे की समान गणनक्षमतेचे? यातले कोणतेही माप निवडा, एका बाजूला झुकते माप मिळतेच. इंजिनांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांपुढे ही अडचण आजही आहे.

शिकवणे महाग, वापरणे स्वस्त

डीपमाइंडने अल्फाझीरो प्रोग्राम खुला केला नाही, पण पद्धत प्रसिद्ध केली. तेवढ्यावर जगभरच्या हौशी मंडळींनी २०१८ मध्ये ‘लीला चेस झीरो’ हे इंजिन उभारले. पाच हजार टीपीयू कुणाकडे नव्हते; घरोघरी व्हिडिओ गेमसाठी घेतलेली ग्राफिक्स कार्डे होती. स्वयंसेवकांनी ती रात्रंदिवस चालू ठेवली, कोट्यवधी डाव जमा केले, आणि २०१९ मध्ये इंजिनांच्या एका मानाच्या स्पर्धेत लीलाने स्टॉकफिशला साडेत्रेपन्न विरुद्ध साडेसेहेचाळीस असे हरवले.

यानंतर जे घडले तो या साऱ्या कथेचा गाभा आहे. जपानमध्ये शोगी नावाचा बुद्धिबळासारखा खेळ आहे. त्याच्या इंजिनासाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये एक छोटे न्यूरल नेटवर्क सुचवले होते. कल्पना साधी होती. एका खेळीत पटावरच्या एक-दोन सोंगट्याच बदलतात, मग सारा गुणाकार दरवेळी नव्याने कशाला करायचा? जेवढे बदलले तेवढेच दुरुस्त करावे. शिवाय आकडे लहान पूर्णांकांत ठेवावेत, म्हणजे कोणत्याही साध्या प्रोसेसरला ते एका झटक्यात अनेक जोड्यांनी गुणता येतात. नेटवर्क खास चिपवर न नेता त्यांनी ते साध्या चिपच्या मापाचे शिवले.

२०२० मध्ये स्टॉकफिशने ही कल्पना उचलली. मोल करायला जास्त वेळ लागू लागल्याने त्याचा वेग लक्षणीय घटला, आणि ताकद मात्र वाढली! त्या वर्षीच्या नव्या आवृत्तीने जुनीशी खेळताना हरलेल्या डाव-जोड्यांच्या दहापट जोड्या जिंकल्या. पुढच्या काळात तिचे नेटवर्क शिकवण्यासाठी लीलाने जमवलेले डाव वापरले गेले. म्हणजे हजारो ग्राफिक्स कार्डांनी मिळवलेले ज्ञान कोणतेही ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावर उतरले. तिथून ते फोनवर आले, आणि सिंगापूरच्या डावाच्या वेळी प्रेक्षकांच्या हातात होते. स्टॉकफिश सर्वांना फुकट आणि खुले आहे. जगज्जेत्याच्या चमूकडे असते तेच इंजिन नागपूरच्या किंवा चेन्नईच्या शाळकरी मुलीलाही मिळते.

जगज्जेत्यांच्या चमूकडे आजही मोठी यंत्रे असतात आणि नव्या सुरुवाती शोधताना त्यांचा उपयोगही होतो. पण केवळ त्यांच्या बळावर सामना जिंकता येत नाही. २०१० मध्ये सोफियातल्या लढतीत व्हेसेलिन तोपालोव्हकडे ‘रायब्का’ या तेव्हाच्या सर्वोत्तम इंजिनाची बाजारात न आलेली आवृत्ती आणि ती चालवणारा शक्तिशाली संगणकसंच होता. विश्वनाथन आनंदने अखेरचा डाव काळ्या सोंगट्यांनी जिंकून अजिंक्यपद राखले.

आता तर परिणामाचा छतही जवळ आले आहे. अव्वल इंजिने सुरुवातीच्या नेहमीच्या स्थितीपासून खेळली तर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. निकाल लागावा म्हणून संयोजक मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती निवडतात आणि बाजू बदलून तोच डाव दोनदा खेळवतात. इथे वेग दुप्पट केला तरी गुणफलकावर फारसा फरक पडत नाही.

पटाबाहेरचा डाव

बुद्धिबळातला हा क्रम वैद्यकशास्त्रातही दिसू लागला आहे. डिसेंबर १९९९ मध्ये आयबीएमने १० कोटी डॉलरची ‘ब्लू जीन’ योजना जाहीर केली. प्रथिनांची साखळी घडी घालून आपला आकार कसा घेते, याची गणना करू शकणारा महासंगणक बांधणे हे तिचे उद्दिष्ट होते. पुढे ‘अँटन’ नावाची, अणू-रेणूंच्या हालचाली मोजण्यापुरतीच बनलेली खास यंत्रेही आली आणि त्यांनी मोलाचे काम केले. पण घडी पडल्यावर अंतिम आकार काय असेल, या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर २०२० मध्ये मोठ्या प्रमाणात दिले ते ‘अल्फाफोल्ड’ने. अल्फाझीरो ज्या डीपमाइंडमध्ये घडले, तिथेच हेही घडले, आणि तेही टीपीयूवर शिकले. लहानपणी बुद्धिबळात चमकलेले डेमिस हसाबिस आणि त्यांचे सहकारी जॉन जंपर यांना २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. सामान्य संशोधकासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुमारे २० कोटी प्रथिनांचे अंदाजित आकार आज कुणालाही फुकट पाहता येतात. शिकवण्याचा खर्च एकाने केला, फळ सर्वांना मिळाले.

क्षयरोगाच्या तपासणीत हेच घडू शकते. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाचा संशय संगणकाने सांगावा, याला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे अशा प्रोग्रामसह गावोगाव नेली गेली. असा प्रोग्राम शिकवायला भरपूर जीपीयू आणि लाखो एक्स-रे लागतात. एकदा शिकला की तो लॅपटॉपवर, इंटरनेटशिवायही चालू शकतो. दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्राला महागडी चिप नको असते. तिथल्या लोकांवर पारखलेला प्रोग्राम हवा असतो. संशयाची रेषा कुठे आखायची हे प्रत्येक प्रदेशात तपासून ठरवावे लागते, असे आरोग्य संघटनाही सांगते. जुन्या क्षयाचे व्रण किंवा खाणीतल्या धुळीने झालेले फुप्फुसाचे आजार जिथे जास्त, तिथे तीच रेषा चुकीची ठरू शकते. हे काम कोणतीही चिप करून देत नाही.

म्हणून ३८ हजार जीपीयू हा आकडा ‘डीप ब्लू’च्या २० कोटींसारखा वाचू नये. चिप लागतात, यात शंका नाही. त्या नसत्या तर लीला शिकली नसती आणि फोनमधला स्टॉकफिश आजच्याएवढा तरबेज झाला नसता. पण चिप काही वर्षांत जुन्या होतात. त्या चालू असताना जे शिकले गेले तेच मागे उरते, आणि तेही खुले ठेवले असेल तर. त्यामुळे सरकारी खर्चाबाबत तीन प्रश्न विचारले जायला हवेत. या चिपवर कोण काय शिकवणार आहे? शिकवण्यासाठी भारतीय रुग्णांची नीट तपासलेली, त्यांची गोपनीयता राखून जमवलेली माहिती आहे का? आणि सार्वजनिक पैशातून तयार झालेला प्रोग्राम सार्वजनिक रुग्णालयाला फुकट मिळणार, की त्याच्याच परवान्यासाठी त्याला दरवर्षी पैसे मोजावे लागणार?

रुग्णालयाच्या खरेदी समितीनेही विक्रेत्याला प्रोसेसरचा वेग विचारण्याआधी हे विचारावे, की यंत्राची तुलना कशाशी केली, त्या दुसऱ्या बाजूला पुरेशी संधी दिली होती का, आणि ती चाचणी आमच्यासारख्या रुग्णांवर झाली होती का. स्टॉकफिशला १ जीबी स्मृती देऊन खेळवलेल्या सामन्याचा मथळा खरा मानणारे तेव्हा पुष्कळ होते. तिथे पणाला लागला होता फक्त एक डाव.